नाव नोंदवायला गेलेली बाई: फॅनी लू हेमर आणि मिसिसिपीतलं मत

३१ ऑगस्ट १९६२ रोजी अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात रूलव्हिल नावाच्या गावातून एक जुनी बस निघाली. एरवी ती मजुरांना कापसाच्या रानात पोचवायची. त्या दिवशी तिच्यात अठरा माणसं होती आणि सगळी निघाली होती २६ मैलांवरच्या इंडिअनोला गावी, काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कचेरीत मतदार यादीत नाव घालायला. त्यांतल्या एक फॅनी लू हेमर. वय ४४, शाळा सहावीपर्यंत, एकाच मळ्यावर अठरा वर्षं राबलेल्या, लहानपणापासून एका पायाने लंगडणाऱ्या.

वंशावरून कुणाचं मत नाकारायचं नाही, असं अमेरिकेच्या घटनेत १८७० सालीच लिहिलं गेलं होतं. बायकांना मत मिळालं १९२० साली. तरीही कृष्णवर्णीय माणसाला नाव नोंदवून मत देता येतं हे हेमरबाईंच्या कानावर पहिल्यांदा पडलं ते त्याच ऑगस्ट महिन्यात, चर्चमधल्या एका सभेत. एवढी वर्षं हा हक्क अडकला होता कुठे? मत अडवणारा असा एकच एक कायदा नव्हता. मळ्याचा मालक, दुकानाची वही, कचेरीतला अधिकारी, दोन डॉलरचा कर, वर्तमानपत्र, पोलीस, पक्षाची कमिटी हे सगळं एकमेकांत गुंतलेलं होतं. ज्याच्या हातात तुमचं छप्पर आणि पीठमीठ, त्याच्याच हातात तुमचं मत. हेमरबाईंच्या वाट्याला यातला प्रत्येक धागा आला, म्हणून त्यांच्या आयुष्यावरून ही गुंतागुंत नीट उलगडते.

अर्ध्या वाट्याचा हिशेब

फॅनी लू टाउनसेंड यांचा जन्म ६ ऑक्टोबर १९१७चा. आईवडिलांचं हे विसावं आणि शेवटचं मूल. त्या दोन वर्षांच्या असताना कुटुंब सनफ्लॉवर काउंटीत आलं. हा भाग ‘डेल्टा’ म्हणून ओळखला जातो: नदीच्या गाळाची सपाट, कसदार जमीन आणि नजर जाईल तिथवर कपाशी.

गुलामगिरी १८६५ला संपली, पण जमीन गोऱ्या मळेवाल्यांकडेच राहिली. मग आली अर्धेलीची पद्धत. मालक जमीन, खोपट, खेचर आणि बियाणं देणार. कुटुंब पेरणी, निंदणी, वेचणी करणार. आलेल्या कापसाचा अर्धा वाटा मालकाचा, अर्धा कुटुंबाचा. ऐकायला बरं वाटतं. गोम पुढे आहे. मार्चपासून सुगीपर्यंत कुटुंबाच्या हातात दमडी नसते, म्हणून मालक दरमहा उचल द्यायचा. ती बहुधा रोख नसे; मळ्यावरच्याच दुकानातून मक्याचं पीठ, खारवलेलं मांस, केरोसीन उधारीवर घ्यायचं. भाव दुकानदाराचा आणि दुकानदार मालकाचाच माणूस. व्याजही बहुतेक ठिकाणी महिन्यांवर मोजत नसत, सरळ रकमेवर लावत. चार महिन्यांसाठी घेतलेल्या पैशावर दहा टक्के, म्हणजे वर्षाचे तीस टक्के झाले.

डिसेंबरात हिशेब व्हायचा. समजा एका कुटुंबाने दहा गाठी काढल्या. गाठ साधारण ५०० पौंड रुईची. तेवढी रुई निघायला सरकीसकट सुमारे १,५०० पौंड कापूस वेचावा लागतो. गाठीला १५० डॉलर धरले तर दहा गाठींचे १,५०० आणि कुटुंबाचा वाटा ७५०. त्यातून उचल, व्याज, खतातला वाटा, जिनिंगचा खर्च, कधी डॉक्टरचं बिल असं सगळं वजा. मालकाच्या अर्ध्यातून यातलं फारसं काही जात नसे. हातात शे-दीडशे डॉलर पडले तर नशीब, नाहीतर ‘अजून इतके देणं आहे’ असं ऐकून पुढच्या सालाला सुरुवात. वही मालकाची, वाचता येतं ते मालकाला, आणि हिशेब दाखवा म्हणणाऱ्याला जानेवारीत घर सोडावं लागायचं.

पोरं या चक्रात कशी ओढली जायची, तेही हेमरबाईंनी सांगून ठेवलंय. त्या सहा वर्षांच्या असताना मालकाने विचारलं, कापूस वेचता येतो का? आठवड्यात ३० पौंड वेचलास तर दुकानातून हवा तो खाऊ घे. पोरीने ३० पौंड वेचले, खाऊ घेतला. पुढच्या आठवड्यात तिला ६० पौंड वेचायला सांगितलं. तेरा वर्षांच्या झाल्या तेव्हा त्या दिवसाला दोनशे-तीनशे पौंड वेचत होत्या. बोंडाच्या कडा वाळल्यावर टोकदार होतात, बोटांची कातडी सोलवटते. पाठीमागे खांद्याला अडकवलेली नऊ-दहा फुटी कॅनव्हासची पिशवी फरफटत न्यायची. वऱ्हाडातल्या वेचणीच्या बायांना यातलं काही वेगळं सांगायला नको. शाळा वर्षातून चारच महिने, डिसेंबर ते मार्च, कारण तेवढ्याच काळात रानात काम नसे. तीही अंगावर धड कपडे असले तर.

एकदा कुटुंबाने वर यायचा प्रयत्न केला होता. वडिलांनी खंडाने जमीन घेतली, तीन खेचरं, गायी, औजारं जमवली. कुणीतरी रात्री खेचरांच्या चाऱ्यात पॅरिस ग्रीन कालवलं. हे हिरवट विष संखियापासून बनतं आणि तेव्हा कपाशीवरच्या किडीसाठी वापरायचे. जनावरं मेली आणि कुटुंब पुन्हा अर्धेलीवर आलं. गरिबी आळसातून येते असं मानणाऱ्यांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा.

१९४०च्या दशकाच्या मध्यावर त्यांचं लग्न पेरी हेमर यांच्याशी झालं. सगळे त्यांना ‘पॅप’ म्हणत. पॅप ट्रॅक्टर चालवत. जोडपं रूलव्हिलजवळच्या मार्लो मळ्यावर राहायला आलं. फॅनी लूंना लिहिता-वाचता येतं हे कळल्यावर मालकाने त्यांना हजेरी आणि वजनं मांडण्याचं काम दिलं. हे काम विश्वासाचं, आणि चोरी नेमकी तिथेच होती. कापूस दांडीच्या काट्यावर मोजला जाई. दांडीवर सरकतं वजन असतं. ते मुळातच जड ठेवलं की पिशवीतला कापूस प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. हेमरबाईंनी स्वतःजवळ एक खरं वजन ठेवलं होतं. मालक जवळपास नसला की त्या आपलं वजन अडकवत आणि वेचणाऱ्याच्या नावावर खरा आकडा मांडत. मालक येताना दिसला की पुन्हा त्याचं. भाषणं वगैरे खूप नंतरची. त्यांचं राजकारण या काट्यापाशी सुरू झालं, असं मानायला हरकत नाही.

१९६१ साली गर्भाशयातली एक लहानशी गाठ काढायला त्या इस्पितळात गेल्या. डॉक्टरांनी न विचारता, न सांगता गर्भाशयच काढून टाकलं. गरीब कृष्णवर्णीय बायकांच्या बाबतीत हे इतकं सर्रास चाले की तिकडे त्याला ‘मिसिसिपी अपेंडेक्टॉमी’ (मिसिसिपीतलं अपेंडिक्सचं ऑपरेशन) असं कडवट नाव पडलं होतं. जोडप्याला मूल झालं नाही. त्यांनी नात्यागोत्यातल्या, शेजारपाजारच्या दोन मुली आपल्या म्हणून वाढवल्या.

एका अर्जाची गोष्ट

आता ती सभा. रूलव्हिलच्या विल्यम्स चॅपल या बाप्टिस्ट चर्चमध्ये ऑगस्ट १९६२मध्ये ‘स्निक’ या तरुणांच्या संघटनेचे कार्यकर्ते आले. जेम्स बेव्हल यांनी प्रवचन केलं, जेम्स फोरमन यांनी मताधिकार समजावला. इथे महाराष्ट्राशी एक खरा दुवा आहे. बेव्हल यांना सत्याग्रहाचं शिक्षण दिलं होतं नॅशव्हिलमध्ये जेम्स लॉसन यांनी. आणि लॉसन १९५३ ते १९५६ नागपुरात होते, हिस्लॉप कॉलेजात. मेथडिस्ट मिशनरी म्हणून आलेला हा तरुण गांधीजींच्या मार्गाचा अभ्यास करून परत गेला. नागपूर, नॅशव्हिल, रूलव्हिल अशी ती वाट.

सभेत विचारलं, उद्या नाव नोंदवायला कोण येणार? हेमरबाईंनी हात वर केला.

नोंदणीची पायरी-पायरीने रीत अशी होती. काउंटीच्या कचेरीत जायचं. दुसरीकडे कुठे सोय नाही. गेटवर पोलीस उभे. एका वेळी दोघांनाच आत सोडायचे, म्हणजे अठरा जणांचा दिवस सहज संपतो. आत एकवीस प्रश्नांचा अर्ज. तो स्वतःच्या हाताने, कुणाचीही मदत न घेता भरायचा. नाव, वय, पत्ता यांच्या पाठोपाठ प्रश्न येतो: कामाला कुणाकडे आहात? हा प्रश्न निरुपद्रवी दिसतो. पण अर्जदार घरी पोचायच्या आत मालकाला फोन जाणार असतो.

मग खरी परीक्षा. मिसिसिपीच्या राज्यघटनेत २८५ कलमं. त्यांतलं कुठलं द्यायचं ते अधिकारी ठरवणार. अर्जदाराने ते कलम उतरवून काढायचं, त्याचा अर्थ लिहायचा आणि शेवटी नागरिकाच्या कर्तव्यांवर एक उतारा लिहायचा. उत्तर बरोबर की चूक हेही तोच अधिकारी ठरवणार. नापास का झालात हे सांगायचं त्याच्यावर बंधन नाही. गोऱ्या अर्जदाराला एका ओळीचं सोपं कलम द्यायचं आणि चुकलं तर दुरुस्त करू द्यायचं, कृष्णवर्णीय शिक्षकालाही नापास करायचं, हे त्यात सहज बसत होतं. कायद्यात वंशाचा शब्दही नव्हता. म्हणूनच अर्थ लावायची ही अट १८९०पासून टिकली.

हेमरबाईंना कलम १६ मिळालं. ते एका वाक्याचं आहे: घडून गेलेल्या कृत्याला मागाहून गुन्हा ठरवणारे पूर्वलक्षी कायदे, किंवा करारातली बंधनं ढिली करणारे कायदे, करता येणार नाहीत. उतरवून काढणं त्यांना जमलं. अर्थ लिहिता आला नाही. कापूस वेचणाऱ्या बाईला पूर्वलक्षी कायदा कुठून माहीत असणार? आपल्याकडे १९५१-५२च्या पहिल्या निवडणुकीत बहुसंख्य मतदार निरक्षर होते, म्हणून पेट्यांवर बैल, झोपडी अशी चिन्हं लावली. मिसिसिपीत त्यानंतर दहा वर्षांनीही निरक्षरता मत काढून घेण्याच्या कामी येत होती.

परतताना पोलिसांनी बस अडवली. गुन्हा: बसचा रंग जास्तच पिवळा आहे, ती शाळेच्या बससारखी दिसते. ड्रायव्हरला १०० डॉलर दंड सांगितला, तो घासाघीस होऊन ३० डॉलरवर आला आणि प्रवाशांनी वर्गणी काढून भरला. बसमध्ये लोक घाबरले होते. तेव्हा मागून एका बाईने चर्चमधली गाणी म्हणायला सुरुवात केली. रूलव्हिलच्या बाहेर फारसं कुणी तिला ओळखत नव्हतं; त्या फॅनी लू हेमर होत्या.

घरी पोचेपर्यंत मालकाला बातमी लागली होती. अर्ज मागे घे, नाहीतर मळा सोड. त्यांचं उत्तर प्रसिद्ध आहे: मी तुमच्यासाठी नाव नोंदवायला गेले नव्हते, माझ्यासाठी गेले होते. त्याच रात्री त्यांना बाहेर पडावं लागलं. पॅपना मात्र मालकाने ठेवून घेतलं, सुगी पुरी व्हायची होती. १० सप्टेंबरला त्या ज्या घरी आसऱ्याला होत्या त्या घरावर सोळा गोळ्या झाडल्या गेल्या.

४ डिसेंबरला त्या पुन्हा कचेरीत हजर. दर तीस दिवसांनी येईन, पास होईपर्यंत येईन, असं त्यांनी अधिकाऱ्याला बजावलं. यावेळी राज्यघटना अभ्यासून गेल्या होत्या, आणि गमवायला घरही उरलं नव्हतं. १० जानेवारी १९६३ रोजी त्यांना कळलं की पास. त्या वर्षी मत द्यायला गेल्यावर पुढची मेख कळली. मिसिसिपीत मतदानासाठी डोईपट्टी लागे: वर्षाला दोन डॉलर, १ फेब्रुवारीच्या आत, आणि मागच्या दोन वर्षांच्या पावत्या हव्यात. नोंदणीच नुकती झालेल्या बाईकडे दोन वर्षांच्या पावत्या कुठून येणार? रानातली मजुरी तेव्हा दिवसाला तीन डॉलर होती, म्हणजे दोन पावत्यांना सव्वा दिवसाहून जास्त मजुरी. नवरा-बायकोचे आठ डॉलर.

याशिवाय १९६२च्या नव्या कायद्याने अर्जदारांची नावं दोन आठवडे स्थानिक वर्तमानपत्रात छापली जात. कुणीही मतदार उठून अर्जदाराच्या ‘चारित्र्या’वर आक्षेप घेऊ शकत होता. हे झालं कायद्याचं कारण. प्रत्यक्षात ती यादी मालक, सावकार आणि बंदूकवाल्यांसाठी असायची. शेजारच्या लफ्लोर काउंटीत, आणि सनफ्लॉवरमध्येही, त्या हिवाळ्यात सरकारी शिधावाटप थांबवलं गेलं. विल्यम्स चॅपलची करमाफी आणि मोफत पाणी गेलं. हेमर कुटुंबाला ९,००० डॉलरचं पाण्याचं बिल आलं; त्यांच्या घरात नळसुद्धा नव्हता.

तुरुंगातलं बायबल

हेमरबाईंची श्रद्धा रविवारपुरती नव्हती, हे तर झालंच. पण तिचा उपयोग त्या कसा करायच्या ते बघण्यासारखं आहे. त्यांना बायबलची वचनं अध्याय-ओळीसकट पाठ होती, आणि वकील कलमं दाखवतो तशा त्या ती समोरच्याला दाखवायच्या.

९ जून १९६३ला दक्षिण कॅरोलिनातल्या नागरिकत्वाच्या वर्गाहून परतताना विनोना गावी त्यांना आणि सोबतच्या तरुण कार्यकर्त्यांना अटक झाली. (हे वर्ग सेप्टिमा क्लार्क यांनी घडवलेले. प्रौढांना अक्षरओळख द्यायची ती थेट नोंदणीच्या अर्जावरून, बँकेच्या पावतीवरून, स्वतःच्या सहीवरून. शिकून आलेल्याने गावी दुसरा वर्ग सुरू करायचा.) बसस्टँडवरच्या उपाहारगृहात ‘फक्त गोऱ्यांच्या’ बाजूला बसणं हा गुन्हा. कोठडीत पोलिसांनी दोन कृष्णवर्णीय कैद्यांना चामड्याचा सोटा देऊन हेमरबाईंना मारायला लावलं. मूत्रपिंडाला कायमची इजा झाली, एका डोळ्याची नजर अधू झाली, लंगडणं वाढलं. तीन दिवस कोठडीत. त्याच सुमारास, १२ जूनच्या पहाटे, जॅक्सनमध्ये मेडगर एव्हर्स या नेत्याचा खून झाला.

तुरुंगाधिकाऱ्याच्या बायकोने त्यांना पाणी आणि बर्फ दिला. हेमरबाई तिला म्हणाल्या, तुम्ही रोज देवाचं वाचत असाल. नीतिसूत्रे, अध्याय २६, ओळ २६ आणि प्रेषितांची कृत्ये, अध्याय १७, ओळ २६ वाचून बघा. पहिलीत लिहिलंय की कपटाने झाकलेली दुष्टाई भर सभेत उघडी पडेल. दुसरीत, की देवाने सगळी राष्ट्रं एकाच रक्ताची केली. बाईने आकडे लिहून घेतले आणि पुन्हा फिरकली नाही. डिसेंबरात मिसिसिपीतल्याच ऑक्सफर्ड गावी पोलिसांवर खटला उभा राहिला. सगळ्या गोऱ्या पंचांनी पोलिसांना निर्दोष सोडलं.

गप्प बसणाऱ्या पाद्र्यांवरही त्या तितक्याच तुटून पडत. मंडळी जमते चर्चमध्ये, म्हणून सभा चर्चमध्येच झाली पाहिजे, हा त्यांचा रोकडा हिशेब होता.

अकरा आणि आठ

१९६४ला अटलांटिक सिटीत डेमोक्रॅटिक पक्षाचं राष्ट्रीय अधिवेशन भरलं. तिथलं प्रकरण बहुतेक ठिकाणी एका भाषणापुरतं सांगितलं जातं. भाषण मोठंच होतं, पण डाव समजला नाही तर भाषणाचं महत्त्वही समजत नाही.

मिसिसिपीत डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी म्हणजेच निवडून येणं. पक्षाची रचना खालून वर: वॉर्डाची सभा, काउंटीची, राज्याची, आणि शेवटी राष्ट्रीय अधिवेशन. कृष्णवर्णीयांना वॉर्डाच्या सभेतच शिरू देत नसत. दारं बंद, पत्ता बदललेला, सभा झालीच असं सांगणं. मग त्यांनी समांतर पक्ष काढला, मिसिसिपी फ्रीडम डेमोक्रॅटिक पार्टी. सगळ्यांना खुल्या सभा त्याच नियमांनी, त्याच क्रमाने घेतल्या आणि ६८ प्रतिनिधी निवडून अटलांटिक सिटीला नेले. मागणी: खरे प्रतिनिधी आम्ही, खुर्च्या आम्हाला द्या.

हे ठरवणार होती १०८ जणांची पात्रता समिती. समितीत बहुमत मिळणं शक्य नव्हतं, पण लागणारही नव्हतं. दहा टक्के म्हणजे अकरा सदस्यांनी वेगळा अहवाल दिला की विषय अधिवेशनापुढे जातो. आठ राज्यांच्या गटांनी मागणी केली की नाव पुकारून मतदान घ्यावं लागतं. आणि टीव्हीसमोर नाव पुकारलं की उत्तरेतल्या नेत्यांना वंशभेदाच्या बाजूने हात वर करणं जड जाईल. अकरा आणि आठ, एवढंच गणित.

२२ ऑगस्टला हेमरबाईंनी समितीपुढे साक्ष दिली. बस, मळा, सोळा गोळ्या, विनोना. कागद न बघता, सुमारे आठ मिनिटं. ती चालू असतानाच अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी घाईने पत्रकारांना बोलावलं, त्यामुळे वाहिन्या तिकडे वळल्या. जॉन्सन यांना दक्षिणेतली गोरी मतं जाण्याची धास्ती होती. पण संध्याकाळी बातम्यांत साक्ष दाखवली गेली, दुपारपेक्षा कितीतरी जास्त लोकांनी ती पाहिली.

मग डाव फसला कसा? अकरा जणांवर एकेक करून दबाव आला. कुणाची नेमणूक, कुणाची नोकरी. समोर तडजोड ठेवली: दोन जागा, त्याही कुणाला ते पक्ष ठरवणार, बाकीचे पाहुणे. हेमरबाईंनी ती धुडकावली; दोन खुर्च्यांसाठी आपण एवढ्या लांब आलो नाही, असं त्या म्हणाल्या. मात्र त्याच तडजोडीत एक वाक्य होतं, की पुढच्या वेळेपासून वंशभेद करणाऱ्या राज्याचा गट बसवणार नाही. १९६८ला शिकागोतल्या अधिवेशनात हेमरबाई अधिकृत प्रतिनिधी म्हणून बसल्या.

६ ऑगस्ट १९६५च्या मताधिकार कायद्याने नोंदणीची ती परीक्षाच थांबवली. कसोटी साधी होती: जिथे अशी परीक्षा आहे आणि १९६४मध्ये निम्म्याहून कमी प्रौढांची नोंदणी किंवा मतदान झालंय, तिथे परीक्षा बंद, गरज पडल्यास केंद्राचे अधिकारी नोंदणी करणार, आणि निवडणुकीचा कुठलाही नियम बदलण्याआधी केंद्राची परवानगी. मिसिसिपीत कृष्णवर्णीयांची नोंदणी १९६४मध्ये ६.७ टक्के होती, १९६७मध्ये ५९.८ झाली. राज्याच्या निवडणुकांतली डोईपट्टी १९६६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोडीत काढली. परवानगीची अट कुणाला लागू हे ठरवणारं सूत्र २०१३मध्ये त्याच न्यायालयाने रद्द केलं. तेव्हापासून ती अट कागदावरच आहे.

डुकरांची बँक

कायदा आला, नावं यादीत गेली, आणि डेल्टात भूक वाढली. याची कारणं ध्यानात घेतली नाहीत तर हेमरबाईंचं शेवटचं दशक कळत नाही. वेचणीची यंत्रं आली, निंदणीच्या जागी तणनाशक आलं. १९६७पासून शेतमजुरालाही तासाला एक डॉलर किमान मजुरी लागू झाली, तेव्हा मळेवाल्यांनी मजुरी वाढवण्याऐवजी माणसं काढली. मळा सुटला की घर सुटलं, उधारीही सुटली. मोफत शिध्याच्या जागी अन्नकुपनं आली, पण ती रोख देऊन घ्यावी लागत. ज्याच्या घरात महिनाभर नाणं दिसत नाही, त्याला स्वस्त कुपनंही महागच. १९६७ साली हेमरांची थोरली मुलगी आजारी पडली. जवळच्या इस्पितळांत घेतलं नाही, मेम्फिसला नेताना ती गेली. कुपोषण हे एक कारण होतं. तिच्या दोन लहान मुली मग आजी-आजोबांनीच वाढवल्या.

हेमरबाईंनी थेट उपाय काढला: पोट स्वतःच्या हातात नसेल तर मत दुसऱ्याच्याच हातात राहतं. आधी डुकरांची बँक. नॅशनल काउन्सिल ऑफ नीग्रो विमेन या संघटनेने माद्या आणि काही नर दिले. कुटुंबाने गाभण मादी न्यायची, व्याली की दोन पिल्लं बँकेत परत करायची, बाकी आपली. परत आलेली पिल्लं पुढच्या कुटुंबांना. मादी एका वेतात आठ-दहा पिल्लं देते, त्यामुळे परतफेड जड जात नाही आणि भांडवलही आटत नाही. मळ्याच्या दुकानात कर्ज वर्षानुवर्षं फिटत नसे, इथे एका वेतात फिटायचं.

१९६९ला ४० एकर घेऊन फ्रीडम फार्म ही सहकारी शेती सुरू झाली. १९७१च्या सुमारास देणग्यांतून आणखी ६४० एकर मिळाले. काही भागात भाजीपाला: वाटाणा, घेवडा, काकडी, भोपळा, पालेभाज्या. राबणाऱ्याने आणि गरजूने न्यायचा. काही भागात कापूस आणि सोयाबीन, त्याच्या पैशातून जमिनीचे हप्ते. भाजीपाल्यात गरीब गोरी कुटुंबंही होती. वर्गणी महिन्याला एक डॉलर.

पण जमाखर्च इथेच कोलमडला. महिन्याला डॉलर देऊ शकणारी कुटुंबं जेमतेम तीस. नावापुरती सभासद सुमारे १,५००. म्हणजे जमीन पोसायची ती देणग्यांवर आणि नगदी पिकावर. १९७१मध्ये डेल्टाला टोर्नाडोंनी झोडपलं, पुढे अवर्षण, मग अतिवृष्टी. यंत्रं भाड्याची, त्यामुळे पेरणीची वेळ हुकायची. पीक गेलं तरी हप्ता आणि जमिनीचा कर ठरल्या दिवशी भरावाच लागे, आणि हाती आलेला पैसा आधी खाणाऱ्या तोंडांवर खर्च व्हायचा. शेताचा धंदा आणि मदतकार्य एकाच खात्यात चालवलं की असं होतं. सहकारात मुरलेल्या माणसाने हे आधीच ओळखलं असतं. देणग्या आणायच्या म्हणजे हेमरबाईंनी देशभर भाषणं करत हिंडायचं, आणि त्या गावात नसल्या की शेतावर निर्णय घेणारं कुणी नसायचं. त्यातच मूत्रपिंडं, रक्तदाब, पुढे कर्करोग. १९७६पर्यंत जमीन करापोटी आणि देणेकऱ्यांकडे गेली.

१४ मार्च १९७७ रोजी माउंड बायू गावच्या इस्पितळात त्यांचं निधन झालं, वय ५९. माउंड बायू हे कृष्णवर्णीयांनी स्वतः वसवलेलं गाव. तिथे दाखल व्हायला कुणाची परवानगी लागत नव्हती.